परत आलेला ब्रदर

मागच्या जुलैमध्ये पाऊस नुसता कोसळत होता त्या आठवड्यात एका रात्री साडेदहाच्या सुमाराला शेजारची वहिनी छत्रीसुद्धा न घेता आमच्या दारात आली. तिच्या सासूबाई, म्हणजे आमच्या अख्ख्या आळीच्या आजी, बरेच दिवस अंथरुणावर होत्या, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलेलं, आणि त्या रात्री त्यांना धाप लागायला लागली होती. वहिनी म्हणाली, फादरांना फोन लावला, ते नालासोपाऱ्याला हॉस्पिटलमध्ये कुणाला तरी बघायला गेलेत, रस्त्यात गुडघाभर पाणी आहे, यायला उशीर होईल म्हणतात, ब्रदर तुम्ही चला ना तोवर. सेमिनरी, म्हणजे फादर व्हायचं शिक्षण, सोडून मला इतकी वर्षं झाली, लग्न झालं, मुलगी आठवीत आहे, रोज विरार लोकलने अंधेरीला ऑफिसला जातो, तरी आळीत मी अजून, तिथे शिकणाऱ्या मुलाला म्हणतात तसा, ब्रदरच. मी प्रार्थनेचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि तिच्या मागोमाग निघालो, आई ओट्यावर उभी राहून बघत होती.

आजींच्या खोलीत विक्सचा आणि ओल्या भिंतीचा वास कोंडला होता. कोपऱ्यात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याखाली लाल झिरोचा बल्ब, आणि खिडकीवर बांधलेल्या ताडपत्रीवर पावसाचा असा आवाज की बोललेलं ऐकू यायला वाकावं लागत होतं. मी आजाऱ्यांसाठीची प्रार्थना सुरू केली, घरची माणसं भोवती गुडघ्यावर बसली, आजींचे ओठ हलत होते. मग त्यांनी डोळे उघडले, माझं मनगट धरलं, आणि सुनेला नजरेनेच बाहेर जायला सांगितलं. सगळे उठून पडवीत गेले. त्या हळूच म्हणाल्या, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलंय. कन्फेशनला, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करायला, बसल्यावर आम्ही सगळे लहानपणापासून जसं सुरू करतो तसंच. मी घाबरलो, खरंच घाबरलो. वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, आजी, मी फादर नाही, मी तुमच्या शेजारचा, फादर वाटेत आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नजर अगदी स्वच्छ होती, आणि म्हणाल्या, माहितेय मला. आणि बोलायला लागल्या.

त्या काय बोलल्या ते मी कुणालाच सांगणार नाही.

चर्चचा जो 1983चा कायदा आहे त्यात 983 क्रमांकाचं कलम कन्फेशनच्या गुप्ततेबद्दल आहे. फादरने कन्फेशनमध्ये ऐकलेलं कधीही, कुठल्याही कारणासाठी उघड करायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच कलमाचा दुसरा भाग फारसा कुणाला माहीत नसतो, की दुभाषा असेल किंवा ज्याच्या कुणाच्या कानावर ते कसंही पडलं असेल, त्यालाही ते झाकूनच ठेवावं लागतं. हे आम्ही वर्गात शिकलो तेव्हा मी वहीत लिहून घेतलं आणि विसरून गेलो, असं आपल्यावर कधी येईल हे कुणाच्या डोक्यात येतं. गुप्तता पाळायची जबाबदारी माझ्यावर आली आणि क्षमा द्यायचा अधिकार मात्र माझ्याकडे नव्हता. बाप्तिस्मा अडीअडचणीला कुणीही देऊ शकतो, मूल जायला लागलं असेल तर नर्सही डोक्यावर पाणी ओतून ते शब्द म्हणू शकते आणि तो बाप्तिस्मा खरा असतो. पण पापाची क्षमा आणि आजाऱ्याला लावायचं तेल, ही दोन्ही फक्त दीक्षा झालेल्या हातांनीच. मी काय केलं, तर त्यांच्याबरोबर पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली, एकेक ओळ, त्या माझ्यामागून म्हणत होत्या, दम लागला की मी थांबत होतो. आणि त्यांचा हात सोडला नाही. फादर आले तेव्हा त्यांची पॅन्ट मांडीपर्यंत भिजली होती, खिशातून तेलाची छोटी डबी काढली, गळ्यात विधीचा जांभळा पट्टा, स्टोल, घातला, आणि मी उठून पडवीत आलो.

तेव्हापासून ते "माहितेय मला" माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांना ग्लानी आली असती, त्यांनी मला फादर समजलं असतं, तर मला हे सोपं गेलं असतं. पण त्यांना माहीत होतं. मी कोण आहे, कुठून परत आलोय, का परत आलो असेन याबद्दल आळीत काय काय बोललं गेलं, हे सगळं त्यांना माहीत होतं, कारण मी सेमिनरीत निघालो त्या दिवशी माझ्या हातात पैशांचं पाकीट देणारी पहिली बाई त्याच होत्या.

मी वसईचा. वसईत ज्यांच्या दारी क्रूस आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको, बाकीच्यांसाठी एवढंच, की आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते, घरात कादोडी ही आमची बोली बोलतात, बायकांची एक पिढी अजून लाल लुगड्यातली आहे, आणि पहाटेच्या लोकलने आमच्या वाडीतली फुलं दादरच्या बाजारात जातात. माझी आई वर्षानुवर्षं त्या लोकलने गेली. मोगरा, तगर, जास्वंद, ओल्या फडक्यात बांधलेले गठ्ठे, त्यावर पाणी शिंपडलेलं, डोक्यावर घेऊन स्टेशनचा जिना. आमच्या घरची फुलं मुंबईतल्या कुठल्या कुठल्या देवाला वाहिली जायची आणि त्या पैशातून आमच्या शाळेच्या फिया भरल्या जायच्या, आईला यात काही विशेष वाटलं नाही कधी. निर्मळच्या जत्रेलाही आम्ही जायचो, शंकराचार्यांच्या समाधीची जत्रा, पण तिथली खेळणी आणि भांडी आमचीही होती. रात्री साडेसातला मात्र घरात रोजरी, माळेवरची प्रार्थना. टीव्ही बंद, दारं लोटलेली, माझी आजी पाटावर, आम्ही सगळे चटईवर, आणि पावसाळ्यात बाहेर बावखलातल्या, म्हणजे तळ्यातल्या, बेडकांचा एवढा गलका की नमो मारिया म्हणताना आवाज चढवायला लागायचा.

माझ्या आजीला लॅटिन मिस्सा आठवायची. ती तरुण असताना सगळं लॅटिनमध्ये चालायचं, फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करून उभे. रोमला चर्चची ती मोठी परिषद भरली 1962 ते 65 आणि त्यानंतर मिस्सा मराठीत आली. आजी सांगायची, पहिल्यांदा मराठीत ऐकलं तेव्हा लाज वाटली, देवाशी असं आपल्यासारखं कसं बोलायचं. पण डोमिनुस वोबिस्कुम, प्रभू तुमच्याबरोबर असो, हे तिच्या तोंडून शेवटपर्यंत गेलं नाही, भांडी घासताना मध्येच म्हणायची. आणि रोजरी संपली की ती स्वतःची एक प्रार्थना जोडायची, रोज तीच. पाऊस वेळेवर पडू दे, विहिरीला पाणी राहू दे, मुंबईला गेलेली माणसं नीट घरी येऊ दे, आणि आमच्या घरातून एक फादर दे. आम्ही सगळे म्हणायचो, आमेन.

हे मी किती लहानपणापासून ऐकत होतो ते मला सांगताच येणार नाही, मला भाषा कळायच्या आधीपासूनच म्हणायला हवं. आम्हा भावंडांत मुलगा मी एकटा. म्हणजे त्या वाक्यातला फादर कोण हे कुणी बोट दाखवून सांगायची गरजच नव्हती. हे दडपण होतं का, असं बायकोने लग्नानंतर विचारलं होतं, आणि मी बराच विचार करून नाही म्हटलं. मला ते आवडायचं. आपल्यासाठी रोज रात्री एवढी माणसं एका सुरात काहीतरी मागतायत यात एक ऊब होती, आणि त्या उबेला मी देवाचं बोलावणं समजलो यात माझं किंवा त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. ते बोलावणं असूही शकतं. कुणाच्या तरी तोंडूनच येतं ना ते.

वेदीसेवक झालो तेव्हा मी तिसरीत असेन. लाल झगा, त्यावर पांढरा आखूड सदरा, झगा लांब असायचा म्हणून आई दोऱ्याने आत टाके घालायची. धूपदान हातात यायला मोठं व्हावं लागायचं, आधी घंटा, मग मेणबत्ती, मग धूप. नारळाच्या करवंटीचे निखारे सॅक्रिस्टीच्या, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीच्या, मागे फुलवायचे, साखळी हातात घेऊन मागेपुढे झुलवायचं, मग फादर चमच्याने लोबान टाकणार आणि तो पांढरा धूर एकदम छातीत शिरणार. फादर दोन्ही हातांनी भाकर वर उचलायचे तेव्हा मी खाली गुडघ्यावर बसून घंटा वाजवायचो आणि अख्खं चर्च गप्प व्हायचं, खोकणारी माणसंसुद्धा. त्या शांततेच्या इतक्या जवळ मी बसलेलो असायचो. आज ऑफिसात, ट्रेनमध्ये, कुठेही मला लोबानाचा वास आला की माझी पाठ आपोआप ताठ होते.

मी बारावीला होतो त्याच सुमाराला, 1998ला, वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला. तोवर आम्ही मुंबईत मोडायचो. पहिले बिशप थॉमस डाबरे, आमच्याच मातीतले. वसईभर कसला उत्साह होता त्या वर्षी, प्रत्येक घराला वाटत होतं आता आपली पोरं हवीत. आणि पोरांसमोर उदाहरणंही होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो सुवार्ता मासिक चालवायचे, ते आमच्या घरी यायचं आणि मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचो, हरित वसईच्या लढ्यात वाड्या आणि पाणी वाचवायला रस्त्यावर उतरलेले फादर आम्ही बघितलेले होते. फादर होणं म्हणजे नुसतं लग्नं लावणं आणि मर्तिकं करणं नाही, मराठीत लिहिणं, माणसांसाठी उभं राहणं, हे सगळं त्यात येतं असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी हो म्हटलं तेव्हा मनापासून म्हटलं. निघालो त्या रविवारी मिस्सेनंतर वेदीसमोर उभं करून फादरांनी डोक्यावर हात ठेवला, बाहेर आलो तर आळीतल्या पोरांनी बँड आणलेला, आणि शेजारच्या आजींनी गर्दीतून पुढे येऊन ते पाकीट माझ्या खिशात कोंबलं. माझी आजी तेव्हा हयात होती. ती त्या रात्री रोजरीनंतर शेवटचं वाक्य म्हणाली नाही. त्याच्या जागी म्हणाली, उपकार झाले.

गोरेगावच्या सेमिनरीबद्दल लोकांना उगाच कुतूहल असतं, आत काहीतरी गूढ चालतं असं वाटतं. पहाटे बेल, प्रातःप्रार्थना, ध्यान, मिस्सा, नाश्ता, लेक्चर, संध्याकाळी फुटबॉल, पाळीपाळीने ताटं धुणं, रात्रीच्या प्रार्थनेनंतर दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेपर्यंत मौन. आधी तत्त्वज्ञानाची वर्षं, मग एक वर्ष बाहेर कुठेतरी कामाला पाठवतात, मग थिऑलॉजी, म्हणजे धर्मशास्त्र, मग उपदीक्षा, मग गुरुदीक्षा. मला जड गेलं ते इंग्लिश. बांद्र्याची, गोव्याकडची पोरं ॲक्विनससारखे जुने तत्त्वज्ञ वाचून वाद घालायची आणि मी मराठी मीडियमचा, डिक्शनरी उघडून बसायचो. ध्यानाला बसलो की सगळे डोळे मिटून इंग्लिशमध्ये देवाशी बोलतायत असं मला वाटायचं, आणि मी आपला कादोडीत. पण माणसं चांगली होती. मला तिथे विचार करायला शिकवलं, स्वतःशी खोटं बोलू नकोस हे शिकवलं. मी पुढे जो निर्णय घेतला तो त्याच शिकवणीतून घेतला, हे मला ठामपणे लिहायचंय, कारण लोकांना वाटतं सेमिनरी सोडणारा तिथल्या शिस्तीला कंटाळून किंवा देवावर रुसून येतो.

पोरगी होती का, हा दुसरा प्रश्न. नव्हती.

मला बाहेरच्या कामाचं वर्ष जव्हारकडे मिळालं, मिशनच्या होस्टेलवर. वारल्यांची पोरं, शनिवार-रविवार त्यांच्या पाड्यांवर जायचो, कुणी आजारी असेल तर जीपमधून दवाखान्यात न्यायचं, नाहीतर नुसतं बसायचं. एका संध्याकाळी असाच एका घरात बसलो होतो. कुडाची भिंत, शेणाने सारवलेली, चुलीवर काहीतरी शिजत होतं, नवरा रोजगार हमीच्या कामावरून आला, बायकोने तांब्या दिला, त्याने पाणी पिताना काहीतरी विचारलं, ती उलट बोलली, मग दोघं मीठ आणलं की नाही आणलं यावरून चांगले पाच मिनिटं भांडले. मध्येच लहान पोरगी येऊन त्याच्या मांडीवर झोपली, तो भांडत भांडतच तिच्या डोक्यातल्या काड्या काढत होता. एवढंच झालं. मी पोळीएवढ्या नाचणीच्या भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो आणि मला एकदम, कसलीही तयारी नसताना, कळलं की मला हे हवंय. ती बाई किंवा दुसरी कुठली बाई असं नाही. मिठावरून भांडायला घरी वाट बघणारं माणूस हवंय, थकून आल्यावर मांडीवर येऊन झोपणारं पोर हवंय. त्या रात्री होस्टेलवर परत आलो आणि झोपलो नाही.

मी लगेच सोडलं नाही. थिऑलॉजीला गेलो, वाटलं हा मोह असेल, जाईल. प्रार्थना केली, उपवास केले, दिब्रिटोंचे जुने लेख काढून वाचले. दीक्षा घेताना उमेदवार वेदीसमोर जमिनीवर पालथा झोपतो आणि सगळं चर्च संतांची नावं घेत प्रार्थना करतं, ते मी दरवर्षी बघत होतो, सिनियर मुलांच्या दीक्षेला. दरवेळी त्या फरशीवर मी स्वतःला ठेवून बघायचो. आधी अंगावर काटा यायचा. नंतर नंतर माझ्या लक्षात आलं की तिथे पालथा पडलेला मी बघत असताना मला आईचा चेहरा दिसतोय, आजीचा दिसतोय, आळी दिसतेय, बँड ऐकू येतोय, आणि देव कुठे आहे ते मी शोधतोय. ज्या गोष्टीला आयुष्यभरासाठी हो म्हणायचं ती मी दुसऱ्यांच्या आनंदासाठी म्हणणार होतो. जो देव मला खरा वाटत होता, त्याच्यासमोर पडून हे म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आमच्या आध्यात्मिक मार्गदर्शक फादरांना मी हे सगळं सांगितलं, ते म्हातारे होते, खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रडायचं असेल तर इथेच रडून घे, घरी गेलास की आई रडेल, तिथे तुला वेळ मिळायचा नाही.

पण आई रडली नाही.

मी ट्रंक घेऊन दुपारच्या लोकलने आलो तेव्हा ती मागच्या दारी फुलांचे गठ्ठे सोडून बसली होती, न विकलेली फुलं वेगळी करत होती. तिने ट्रंक बघितली. सुट्टीला येताना मी ट्रंक आणत नसे. तिने हात पदराला पुसले, जेवलास का विचारलं, आणि आत गेली. बाबा वाडीतून आले, त्यांनीही ट्रंक बघितली, आणि म्हणाले, विहिरीची मोटर पाणी ओढत नाहीये, जरा बघ. मी कपडे बदलून मोटर बघायला गेलो, ते बाजूला पाना धरून उभे राहिले, आम्ही अंधार पडेपर्यंत त्या मोटरशी झटलो. बाबांनी मला त्या दिवशी काय दिलं ते मला नंतर कळलं, ते आता नाहीत, त्यांना सांगायचं राहून गेलं. रात्री रोजरी झाली. आजी तोवर गेली होती, शेवटची प्रार्थना आई म्हणायची, पाऊस, विहीर, मुंबईची माणसं. फादरचं वाक्य आलं नाही, माझं पोर सांभाळ असंही आलं नाही. माझे पांढरे झगे आईने धुतले, नीळ घातली, इस्त्री केली, आणि पुढच्या वर्षी गावातला दुसरा एक मुलगा सेमिनरीत निघाला, घरची परिस्थिती बेताची, त्याच्या आईकडे नेऊन दिले. मला विचारलं नाही. मला कधीच काही विचारलं नाही.

गावाने मात्र विचारलं. महिनाभर सगळे, किती दिवसांची सुट्टी. मग सगळे गप्प. मग पाठीमागे. स्थळं बघायला लागलो तेव्हा दोन-तीन ठिकाणी स्वच्छ सांगितलं गेलं की परत आलेला मुलगा नको, देवाच्या दारातून उठून आलेल्याचं भलं होत नाही. माझी बायको नर्स आहे, तिच्या घरच्यांनी असलं काही काढलं नाही, तिने स्वतः भेटून विचारलं आणि जव्हारच्या त्या घराची गोष्ट मी पहिल्यांदा तिलाच सांगितली. मला अजून राग येतो तो एका गोष्टीचा. चर्च स्वतः सांगतं की सेमिनरीची वर्षं ही पारखून बघायची वर्षं आहेत, मुलाने पारखायचं आणि चर्चनेही पारखायचं. म्हणजे पारखून नाही म्हणणारे निघणारच, निघायलाच हवेत, माझ्या बॅचमधले कितीतरी निघाले. मग जाताना बँड लावणाऱ्या गावांनी परत येणाऱ्या मुलाला निदान चहाला तरी बोलवावं. काही मुलं परत यायच्या भीतीनेच पुढे जात राहतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि ते त्यांच्यासाठीही वाईट आणि ज्या माणसांना पुढे त्यांच्याकडून धीर हवा असतो त्यांच्यासाठीही.

वसईचा म्हणून जो संत आम्ही मिरवतो त्या गोन्सालो गार्सियाचं आयुष्य नीट वाचलं तर फार धीर येतो. त्याला जेझुइटांच्या धर्मसंघात जायचं होतं, जपानमध्ये कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर राहून धर्मशिक्षकाचं काम केलं, पण त्यांनी त्याला संघात घेतलं नाही. तो निघाला, मकावला गेला, व्यापार केला, चांगला जम बसवला. नंतर मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात गेला, तोही साधा ब्रदर म्हणून, फादर नाहीच. जपानी उत्तम यायची म्हणून दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला गेला आणि 1597च्या फेब्रुवारीत नागासाकीला बाकी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर चढला. 1862ला संत झाला. आमच्याकडे चर्चमध्ये त्याचा पुतळा आहे, सणाला मिरवणूक निघते, पण प्रवचनात त्याचं मरण सांगतात, ती मधली व्यापाराची वर्षं कुणी सांगत नाही. मला तीच वर्षं जवळची वाटतात. सकाळी दुकान उघडताना, हिशेब लिहिताना तो काय प्रार्थना करत असेल, याचा मी ट्रेनमध्ये उभा असताना पुष्कळदा विचार करतो.

2020च्या जानेवारीत उस्मानाबादला 93वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष फादर दिब्रिटो. त्यांच्या निवडीवरून आधी बरंच वादळ उठलं होतं, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांचा जीव मुठीत. टीव्हीवर ते दिसले तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि उभ्याने बघत राहिली. मी तिच्याकडे बघत होतो. तिला तिथे मी दिसत असेन का, असा विचार माझ्या मनात आला आणि मला तिच्या शेजारी बसवेना, मी उठून वाडीत गेलो. 2024च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हाही आम्ही दोघं अंत्यविधीला गेलो, दोघंही रडलो, पण एकमेकांशी बोललो नाही. एवढी वर्षं एका घरात राहून एक विषय असा टाळता येतो, हे ज्याने टाळलंय त्यालाच समजेल.

शेजारच्या आजी त्या पावसाच्या रात्रीनंतर आठवडाभराने गेल्या, झोपेत. फादरांनी तेल लावलं त्या रात्री मी पडवीत बसून होतो, आत दार लोटलेलं. त्यांनी फादरांना पुन्हा सगळं सांगितलं असेल, आणि क्षमेचे खरे शब्द ऐकले असतील, आणि मला त्याचं समाधान आहे. मग आधी मला का सांगितलं. मी फादर नाही हे माहीत असून. मी यावर खूप विचार केलाय आणि मला जे वाटतं ते एवढंच, की काही गोष्टी देवाकडे नेण्याआधी माणसाला एकदा माणसासमोर बोलून बघाव्या लागत असतील, आणि त्यासाठी त्यांनी आळीतला असा माणूस निवडला जो स्वतः एकदा मान खाली घालून याच वाटेने घरी आला होता. कदाचित हा माझाच समज असेल. पण त्या रात्री त्यांचा हात धरून बसलेला असताना मला पहिल्यांदा वाटलं की ती सगळी वर्षं, ते ध्यान, ते कायद्याचं कलम, ती प्रार्थना पाठ असणं, यातलं काहीही फुकट गेलेलं नाही.

त्यांच्या महिन्याच्या मिस्सेला आम्ही गेलो होतो. संध्याकाळी आई भिजवलेले वाल सोलत बसली होती, मी समोर पेपर घेऊन. ती मान वर न करता म्हणाली, तू परत का आलास ते मला कधी सांगितलं नाहीस.

मी म्हटलं, तू विचारलंच नाहीस कधी.

"मी देवाला विचारत होते."

मग मी तिला जव्हारचं ते घर सांगितलं. तांब्या, मीठ, भांडण, मांडीवर झोपलेली पोरगी. फरशीवर पालथं पडण्याचंही सांगितलं, आणि तिथे देवाच्या जागी मला तिचा चेहरा दिसायचा हेही. वाल सोलायचे थांबवून ती ऐकत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. ती बराच वेळ बोटांना लागलेली सालं काढत राहिली. म्हणाली, तुझी आजी गेली त्या वर्षी लग्नसराईत फुलांची गर्दी होती, पहाटे जायचं म्हणून कितीतरी रात्री मी रोजरी न करताच झोपायचे, तुझ्या बाबांनाही उठवलं नाही, मला वाटायचं त्याच्यामुळे झालं सगळं, माझ्याकडून खंड पडला म्हणून तुला परत पाठवलं.

एवढी वर्षं ती हे घेऊन पहाटेच्या लोकलने जात येत होती. मी तिच्या शेजारी खाली बसलो आणि तिला म्हटलं, आई, असं नसतं गं, देव असा हिशेब ठेवत नाही, माझ्या येण्यात तुझं काहीही नव्हतं. दोनदा तीनदा म्हटलं. तिने डोळे पुसले, वालाचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, सोल मग तू पण. आणि थोड्या वेळाने, आजारी माणसांकडे घरोघर प्रसाद न्यायला फादर माणसं शोधतायत, रविवारी चर्चमध्ये सांगत होते, तुझं नाव दे, शेजारच्या आजी जाताना वहिनीला म्हणाल्या होत्या तू चांगली प्रार्थना सांगतोस. मी म्हटलं, देतो. ती म्हणाली, उद्याच दे, पुढच्या रविवारी नको.